केसरबाई नेमक्या कुठून ऐकायच्या?

समजा, तुमच्याकडे पहिल्या स्टायपेंडचे थोडे पैसे आलेत. घरात बाबांचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन दणकट लाकडी स्पीकर पडून आहेत. आता त्यांना जोडायचं काय? टर्नटेबल, सीडी प्लेयर, की फोनवरचं अॅप? हा प्रश्न तुम्ही मित्रांच्या ग्रुपवर टाकून बघा, दोन तासांत भांडण लागेल. रेकॉर्डवाला म्हणणार खरा आवाज तबकडीतच. अॅपवाला म्हणणार आता सगळं हाय-रेझ झालंय, कुठल्या जमान्यात आहेस. आमच्या नेरूळच्या घरात हे भांडण तीन आठवडे चाललं आणि त्याला कारण ठरल्या एक गायिका, ज्यांना मुळात यातलं काहीच फारसं मान्य नव्हतं.

सुरश्री केसरबाई केरकर. नाव ऐकलं असेल. निदान ‘अवकाशात गेलेलं भारतीय गाणं’ या रीलमुळे तरी. पण ते रील शेवटून सुरू होतं. आपण सुरुवातीपासून जाऊ.

गोव्यात फोंडा तालुक्यात केरी नावाचं छोटं गाव आहे. १३ जुलै १८९२ रोजी तिथे केसरबाईंचा जन्म झाला. घर कलावंत समाजातलं. देवळाच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या गाणं-नाचणं सांभाळणाऱ्या या समाजातल्या बायकांकडून आपल्याला किती संगीत मिळालं आणि त्यांना आपण बदल्यात काय दिलं, हा खरं तर वेगळ्या पानाचा विषय. इथे एवढंच लक्षात ठेवा की त्या काळात अशा घरातल्या मुलीला गाणं मिळणं सोपं होतं, मान मिळणं अवघड. केसरबाईंनी आयुष्यभर या दुसऱ्या गोष्टीसाठी हट्ट धरला, आणि पुढे त्या रेडिओ-रेकॉर्डशी जशा वागल्या त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापूरला आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. मग परत गोवा, तिथे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे जमेल तसं शिक्षण. सोळाव्या वर्षी मुंबई. मुंबईत शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांचा आधार मिळाला आणि सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा मोठ्या लोकांकडे तालीम झाली. पण सलग अशी कुठेच नाही. आज हे गुरू गावाला गेले, उद्या ते दुसऱ्या संस्थानात नोकरीला लागले. आपण कोर्स अर्धवट सुटला की रडतो. इथे बाईंची विशी उलटून गेली तरी शिक्षण तुकड्या-तुकड्यांतच होतं.

१९२१ मध्ये त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. वय जवळपास एकोणतीस. म्हणजे एवढं शिकून, मैफली करून झाल्यावर पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं. अल्लादिया खाँ हे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. अनवट राग, लांब श्वास आणि लयीच्या आत वळणं घेत जाणारी, शेवट कुठे होणार याचा पत्ता न लागू देणारी तान. या गाण्याला गळ्यापेक्षा फुप्फुसं जास्त लागतात असं गंमतीने म्हणतात. केसरबाई सुमारे अकरा वर्षं सलग शिकल्या, आणि स्वतः नावारूपाला आल्यावरही १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिकतच राहिल्या. पंचवीस वर्षं एका माणसाकडे!

आता इथे थांबून एक गोष्ट बघा. या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज तुम्हाला कुठेही ऐकता येत नाही. भास्करबुवांचाही नाही. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिलं रेकॉर्डिंग १९०२ मध्ये कोलकात्यात केलं, गौहर जानसारख्या गायिका लगेच घराघरांत पोचल्या. पण हे दोघे त्या यंत्रात आले नाहीत. म्हणजे केसरबाईंच्या दोन गुरूंसाठी ‘कुठून ऐकायचं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ते फक्त शिष्यांच्या गळ्यातून ऐकू येतात.

केसरबाईंनी मात्र तबकड्या केल्या. थोड्याच, पण केल्या. १९३० च्या दशकापासून ब्रॉडकास्ट आणि एचएमव्ही या लेबलांवर त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स निघाल्या. ललिता गौरी, नट कामोद, मालकंस, तोडी, भैरवी असे राग. ही तबकडी म्हणजे काय प्रकरण होतं हे समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. दहा इंची, लाखेची, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी. मिनिटाला ७८ फेऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. स्टीलची सुई प्रत्येक बाजूला बदलायची, नाहीतर तीच सुई खाचा खरवडून काढणार.

मैफलीत एक राग पाऊण तास गाणाऱ्या बाईंना तीन मिनिटांत बसवायचं कसं? विलंबित ख्यालाची दोन-चार आवर्तनं झाली की वेळ संपला. मग बंदिश आटोपशीर घ्यायची, विस्तार मनातच ठेवायचा, तानांना लवकर हात घालायचा. आपण पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात नऊवारी नेसलेली बाहुली बसवावी तसा प्रकार. बालगंधर्वांनी आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी या तीन मिनिटांत आपलं असं एक वेगळंच गाणं तयार केलं आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. केसरबाईंच्या तबकड्याही छोट्या हिऱ्यासारख्या आहेत, पण त्यांचं मन त्यात रमलं नाही. रेडिओपासून त्यांनी अंतर ठेवलं. मैफलीत कोणी टेपरेकॉर्डर आणलेला त्यांना चालत नसे.

का? याचे किस्से इतके आहेत की एक पुरवणी निघेल. कोणी म्हणतं त्यांना विद्या चोरीला जाण्याची भीती होती. कोणी म्हणतं, पानवाल्याच्या टपरीवर आपला आवाज वाजावा हे त्यांना पटत नव्हतं. सगळे किस्से खरे असतीलच असं नाही. त्यांच्या कडक स्वभावाच्या गोष्टी सांगणारे बहुतेक पुरुष आहेत, हेही मी नोंदवून ठेवते. एखाद्या बुवांनी मैफल मध्येच थांबवली तर ती तपश्चर्या, आणि बाईंनी थांबवली तर तो तोरा.

मला वाटतं ते असं. ज्या घरातून त्या आल्या, तिथल्या बायकांचं गाणं कुणीही, केव्हाही, कितीही मागावं अशी रीत होती. केसरबाईंनी ती रीत उलटी केली. कुठे गायचं, कुणासमोर, किती पैशांत, हे त्या ठरवणार. टेप झाली की हा ताबा गेला. मग ऐकणारा जेवताना ऐकेल, मध्येच बंद करेल, पाच वेळा तीच तान मागे नेऊन ऐकेल. आज आपण आपल्या फोटोवरून, आवाजावरून, डीपफेकवरून जे भांडतो, त्या भांडणाची ही आजीच म्हणायची. एकमात्र खरं, की त्यामुळे आपलं नुकसान झालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मानसन्मान मात्र कमी पडले नाहीत. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं आवडायचं. ‘सुरश्री’ ही पदवी त्यांना १९४८ मध्ये कोलकात्यात मिळाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने राज्यगायिका म्हणून गौरव केला. तोवर त्या जाहीर मैफलींतून बाहेरही पडल्या होत्या. १९६३-६४ च्या सुमाराला त्यांनी गाणं थांबवलं. आवाज थकतोय हे लोकांच्या लक्षात येण्याआधी. हेसुद्धा ताबा ठेवणंच.

शिष्या म्हणाल तर धोंडूताई कुलकर्णी. कोल्हापूरच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्याच घराण्यात आधी शिकलेल्या. साठच्या दशकात केसरबाईंनी त्यांना शिकवायला घेतलं. या दोघींबद्दल नमिता देवीदयाल यांचं ‘द म्युझिक रूम’ नावाचं पुस्तक २००७ मध्ये आलं, कॉलेजच्या लायब्ररीत मिळतं का बघा. धोंडूताई २०१४ मध्ये गेल्या. म्हणजे आपल्यापैकी अनेकांना केसरबाईंचं गाणं एका जिवंत गळ्यातून ऐकण्याची संधी होती. तेव्हा आपण चौथी-पाचवीत होतो आणि मी तरी दुसरंच काहीतरी ऐकत होते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी आजी गिरगावात वाढली. शाळा संपता संपता तिने केसरबाईंना एकदा ऐकलं होतं, तेही मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहून. काय गायल्या ते तिला आठवत नाही. आवाज मांडवाच्या कापडातून आरपार यायचा, एवढं आठवतं. आता तिला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन लावते, पण त्यातून गाणं ऐकलं की तिला सगळे पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलंय की वरचे स्वर आणखी कमी होत जाणार. म्हणून आमच्या भांडणाला मुदत होती. एकदा नीट, मोठ्या स्पीकरवर, मशीन काढून तिला केसरबाई ऐकवायच्या.

पहिला प्रयत्न अॅपचा. शोधलं की केसरबाई लगेच सापडतात, एकच भैरवी चार-पाच अल्बममध्ये. मला वाटलं सगळं एकच. तुम्हालाही वाटेल. मग एक काम करा. तीच रेकॉर्ड वेगवेगळ्या अल्बममधून पाठोपाठ लावा, आवाज सारखा ठेवा आणि डोळे मिटा. एकीत खरखर भरपूर, पण बाई समोर बसल्यात. दुसरीत खरखर साफ, आणि तिच्याबरोबर तानपुराही साफ, तानेची टोकं बोथट, जणू कोणी उशी धरलीय तोंडावर. तिसरी चक्क वेगळ्या पट्टीत! याचं कारण साधं आहे. जुनी तबकडी कॉपी करताना फिरण्याचा वेग साधारण ६ टक्के चुकला, की काळी एकची पांढरी एक होते. बाई तीच, गाणं तेच, पण वय दहा वर्षांनी बदलल्यासारखं वाटतं.

म्हणजे भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललं होतं. सीडी की अॅप की तबकडी, हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा, की मूळ लाखेच्या तबकडीवरून हा आवाज कोणी, कुठल्या सुईने, किती वेगाने उतरवला आणि नंतर त्याची किती धुलाई केली. सीडीत वीस हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं, ७८ च्या तबकडीवर त्यातलं अर्धंही नसतं. त्यामुळे हाय-रेझच्या शिक्क्यावर फार भाळू नका. हंडा मोठा घेतला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही.

मग टर्नटेबल? मी त्याच बाजूची होते, कबूल करते. तबकडी फिरताना दिसते, फोटो भारी येतात. एका रविवारी नेरूळहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजारात गेले. धुळीचे ढीग उपसले. बालगंधर्व मिळाले, सिनेमाची गाणी मिळाली, केसरबाई नाहीत. आणि बरं झालं मिळाल्या नाहीत, कारण मी ज्या टर्नटेबलवर डोळा ठेवून होते त्याच्यावर ३३ आणि ४५ असे दोनच वेग होते. ७८ नव्हताच. शिवाय ७८ च्या खाचा एलपीच्या खाचांपेक्षा साधारण तिपटीने रुंद. एलपीची बारीक सुई त्यात टाकली तर ती तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. वेगळी सुई हवी. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा घ्यायच्या आधी विचारा. हां, केसरबाईंच्या ७८ वरून एचएमव्हीने पुढे एलपी काढल्या, त्या चालतील. पण एलपीसुद्धा शेवटी कॉपीच. फक्त जुनी कॉपी.

आणि बाबांची बाजू, जिला आम्ही तीन आठवडे हसलो. टीव्हीखालच्या कपाटातला सीडी प्लेयर आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कधीतरी आणलेली सीडी. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. सीडीवर खरखर तशीच ठेवलेली होती. कुणी साफ करायचे कष्ट घेतले नव्हते, देव त्याचं भलं करो.

लावण्याआधी ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे तुम्ही कदाचित हा लेख उघडला असेल. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर एकेक तबकडी. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं, बारा इंच व्यास. कार्ल सेगन यांच्या टीमने त्यावर पृथ्वीवरचे आवाज, ५५ भाषांतल्या शुभेच्छा (मराठीही आहे) आणि सत्तावीस संगीतरचना भरल्या. बाख, बीथोव्हेन, चक बेरी. भारतातून एकच, केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने सुचवलेली. पण गाणं ठरलं तरी रेकॉर्ड मिळेना. बाजारातून ती कधीच गेली होती. शेवटी अॅन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. विजेची उपकरणं विकणारं दुकान!

मला या सगळ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. नासाने नुसती तबकडी पाठवली नाही, सोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवलं. आणि झाकणावर चित्रं कोरली, सुई कुठे ठेवायची आणि किती वेगाने फिरवायची याची. एक फेरी ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश. ज्याला मिनिट माहीत नाही त्याला वेळ कशी सांगायची म्हणून हायड्रोजन अणूच्या हालचालीवरून मोजमाप दिलं. विश्वातल्या कुणा अनोळख्याने केसरबाईंना चुकीच्या पट्टीत ऐकू नये एवढी काळजी त्या लोकांनी घेतली. आणि आपल्याकडच्या अल्बमवाल्यांना साधं ७८ सांभाळता येत नाही.

व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मध्ये अकरा दिवस. वय पंच्याऐंशी. टेप चालू दिसली की ज्यांना खपत नसे, त्यांचा आवाज आज पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि तिथे तो वाजवायला कोणीही नाही. बाईंना हा श्रोतृवर्ग चालला असता असं मला उगीच वाटतं. मध्येच उठून जात नाही, आपसात बोलत नाही.

इकडे त्यांच्या नावाने केरीत हायस्कूल आहे, गोव्यात संगीत समारोह भरतो. आणि खाजगी मैफलींची, त्यांना कदाचित पत्ताही नसताना झालेली काही रेकॉर्डिंग्जही बाहेर आली आहेत. तीन मिनिटांच्या पलीकडच्या केसरबाई तिथे भेटतात. ती ऐकावीत का? मी ऐकली. ऐकताना दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं वाटलं आणि तरी थांबवता आलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

आजीसाठी मी तो प्रश्न टाळला आणि बाबांची सीडी लावली. भैरवीच. दुपारी तीनची वेळ, म्हणजे भैरवीला अगदी अवेळ, पण सिडकोच्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा आहेत की शेजारचा मिक्सरसुद्धा आपल्याच घरात लागलाय असं वाटतं. रात्री एवढ्या आवाजात लावणं शक्य नव्हतं. आजीने मशीन काढून ठेवलं आणि खुर्ची स्पीकरच्या समोरून उचलून बाजूला, जवळजवळ मागे नेली. आम्ही तिला पुढे आणायला लागलो तर ऐकेना. मांडवाच्या मागूनच ऐकलं होतं ना, मग तिथूनच बरं, असं तिचं म्हणणं.

गाणं संपलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाज कमी करायला सांगण्यासाठी बेल वाजवली होती, ती आम्हा कुणालाच ऐकू आली नव्हती. त्या दार ढकलून आत आल्या तेव्हा आजी बाबांना ते परत लावायला सांगत होती. काकू बसल्या. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा बाबांनी आवाज थोडा आणखी वाढवला.

स्टायपेंडचे पैसे अजून तसेच आहेत. सीडी प्लेयरचा ट्रे मध्येच अडकतो, तो दुरुस्त करणारा माणूस वाशीत कुठे आहे का, ते शोधतेय. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.